फोन नंबरवर टिचकी मारली की फोन लागलाच पाहिजे: हे खात्रीने कसं जमवायचं?

कोरा_कागद

मंडळी, एका हेल्पलाइनची वेबसाइट सध्या माझ्याकडे आहे. पानाच्या माथ्यावर नंबर, त्यावर टिचकी मारली की फोन लागावा, इतकंच काम. पण तक्रारी तऱ्हेतऱ्हेच्या येतायत. कोणाकडे डायलर नीट उघडतो. कोणी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आलेली लिंक उघडून आमच्या पानावर येतं, त्यांना नंबर दाबल्यावर 'वेबपेज उपलब्ध नाही' दिसतं. काहींकडे तर काहीच होत नाही. एरर नाही, डायलर नाही, दगडावर बोट ठेवल्यासारखं. लॅपटॉपवाल्यांना 'कोणतं अ‍ॅप वापरू?' अशी खिडकी येते आणि ते घाबरून ती बंद करतात.

लिंकमध्ये नंबर नक्की कसा लिहायचा? नंबराआधी 'हा फोन नंबर आहे' असं ब्राउझरला सांगायला काही जण टेल: लिहितात, काही टेल:// लिहितात. कंस, स्पेस, डॅश चालतात का? लॅपटॉपवर लिंक ठेवावी की काढावी? आणि ते 'काहीच होत नाही' प्रकरण शोधायचं कुठून?

हेल्पलाइन आहे, त्यामुळे 'बहुतेकांकडे चालतं' यावर समाधान मानता येत नाही.

मी_पयला

पयला! आता धागा वाचतो.

अर्धविराम

यासाठी रीतसर नियम आहे: आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) क्रमांक ३९६६, डिसेंबर २००४ चा. त्याआधी २००० सालचा आरएफसी २८०६ होता, तो यानं मोडीत काढला. त्यातलं कामाचं एवढंच:

टेल: च्या पुढे दोन तिरप्या रेघा नाहीत. त्या वेब पत्त्यात असतात, कारण तिथे पुढे सर्व्हरचं नाव येतं. फोन नंबराला सर्व्हर नसतो. टेल:// काही फोनांवर चालून जातं, ती त्या फोनांची दया.

आंतरराष्ट्रीय नंबर + ने सुरू करायचा, मग देशाचा कोड, मग बाकीचा नंबर. ई.१६४ या फोन नंबरांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ आकडे. डॅश, टिंब आणि गोल कंस शोभेसाठी चालतात, स्पेस चालत नाही. म्हणजे

टेल:+४४-२०-७९४६-०९५८

किंवा नुसतं

टेल:+४४२०७९४६०९५८

मी दुसरं लिहितो. शोभा वाचणाऱ्याला दिसणाऱ्या मजकुरात करावी, लिंकमध्ये नको.

(हा नंबर ब्रिटनमध्ये नाटक-सिनेमांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी आहे. कोणी लावून बघू नका, आणि बघितलात तर पलीकडे कोणी नसेल.)

शंकेखोर

मी वर्षानुवर्षं स्पेससकट लिहितोय, अजून कोणाची तक्रार नाही. नियम पुस्तकात, फोन खिशात.

अर्धविराम

@शंकेखोर, तक्रार येत नाही कारण ब्राउझर स्पेसचं %२० करून देतो आणि बरेचसे डायलर ते पोटात घालतात. तुमच्या साइटला ब्राउझर सांभाळून घेतोय म्हणा ना. पण तोच पत्ता लॅपटॉपवरच्या एखाद्या सॉफ्टफोनकडे (फोन लावणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) गेला की तो %२० मधले २ आणि ० नंबरात धरणार नाही, याची हमी तुम्ही देणार का?

शंकेखोर

बरं बरं, काढतो स्पेस.

खडूफळा

मराठी साइट चालवणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. आपण इथे गप्पांत देवनागरी आकडे लिहितोय ते वाचण्यापुरतं ठीक आहे, पण खऱ्या लिंकमध्ये आकडे इंग्रजीच हवेत. आरएफसीच्या व्याकरणात आकडा म्हणजे फक्त आस्कीमधले, म्हणजे साधे इंग्रजी, दहा.

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घात होतो. एका साइटवर पानभर आकडे देवनागरी दिसावेत म्हणून थीममध्ये फिल्टर बसवला होता. तो फिल्टर मजकूर आणि टॅग यांत फरकच करत नव्हता. दिसणारा नंबर देवनागरी झाला तो झालाच, एचरेफच्या (लिंकचा पत्ता असतो त्या जागेच्या) आतलाही झाला. संपादकाच्या खिडकीत बघावं तर नंबर इंग्रजी, अगदी बरोबर, कारण फिल्टर पान बाहेर पडताना चालायचा. शेवटी ब्राउझरमधून पानाचा सोर्स उघडला तेव्हा दिसलं.

म्हणून लिंक तपासताना संपादकात बघू नका. बाहेर पडलेलं पान बघा.

झोपाळू_बग

खडूफळा, अगदी अगदी! त्याच कुळातला पुढचा भाऊ म्हणजे न दिसणारी अक्षरं.

फोनच्या संपर्क यादीतून किंवा कुठल्या तरी तक्त्यातून नंबर कॉपी केला की त्याच्या मागेपुढे कधी कधी मजकुराची दिशा ठरवणारी युनिकोड चिन्हं चिकटून येतात. स्क्रीनवर त्यांची रुंदी शून्य. नंबर देखणा दिसतो. पण लिंकवर माउस नेऊन खाली कोपऱ्यात पत्ता वाचला तर + च्या आधी %ई२%८०%एए असलं काहीतरी दिसतं. म्हणजे नंबर आता + ने सुरूच होत नाही.

तसंच डॅशचं. लेखन करायच्या सॉफ्टवेअरमधून आलेला डॅश हा साधा डॅश नसतो, लांब असतो, आणि तो नियमात बसत नाही. न तुटणारी स्पेस ही तिसरी.

उपाय सोपा: नंबर कॉपी करू नका, हाताने टाइप करा. कॉपी केलेला असेल तर संपादकात कर्सर नंबराच्या सुरुवातीला ठेवून उजवा बाण दाबत जा. एखाद्या दाबाला कर्सर जागचा हलला नाही, तर तिथे कोणीतरी लपलंय.

उंटावरचा_शहाणा

नंबरातही भुतं असतात हे आज कळलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

वाटसरू

कोका (कोरा_कागद), तुमचं 'वेबपेज उपलब्ध नाही' हे प्रकरण वेबव्ह्यूचं आहे. अ‍ॅपच्या पोटात पान उघडतं तेव्हा दर वेळी तो पूर्ण ब्राउझर नसतो. अँड्रॉइडच्या नुसत्या वेबव्ह्यूला टेल: म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला तो न ओळखीचा पत्ता वाटतो आणि 'अननोन यूआरएल स्कीम' अशी एरर येते. अ‍ॅप लिहिणाऱ्यानं 'शुड ओव्हरराइड यूआरएल लोडिंग' मध्ये तो पत्ता अडवून डायलरकडे सोपवायचा असतो. त्यानं तो कंटाळा केला की तुमची लिंक कितीही शुद्ध असली तरी मेली.

ज्या अ‍ॅपमध्ये कस्टम टॅब वापरलाय तिथे हा त्रास नाही, कारण तिथे मागे खरा ब्राउझर असतो. आयफोनवर सफारी व्ह्यू कंट्रोलर वापरला असेल तर तसंच.

रच्याकने (जाता जाता), कोणी अ‍ॅप लिहीत असेल तर: 'अ‍ॅक्शन डायल' वापरा. नंबर भरलेला डायलर उघडतो, हिरवं बटण वापरणाराच दाबतो आणि कुठलीही परवानगी मागावी लागत नाही. 'अ‍ॅक्शन कॉल' थेट फोन लावतो, त्याला फोन करायची परवानगी लागते आणि ती मागितली की लोक बिचकतात.

कोरा_कागद

वाटसरू, म्हणजे दुसऱ्याच्या अ‍ॅपमधल्या वेबव्ह्यूत मी काहीच करू शकत नाही?

वाटसरू

लिंकच्या बाबतीत नाही. पण नंबर दिसू द्या. कित्येक साइटवर नुसतं 'कॉल करा' असं गुबगुबीत बटण असतं आणि नंबर पानावर कुठेच नसतो. लिंक मेली की माणूस अडकला. नंबर अक्षरांत दिसत असेल, निवडून कॉपी करता येत असेल, तर तो डायलरमध्ये चिकटवेल, नाहीतर दुसऱ्या फोनवरून लावेल. शेजारी 'नंबर कॉपी करा' बटण दिलंत तर उत्तमच.

आज्जीचा_चष्मा

वाटसरूंना अनुमोदन. हेल्पलाइन म्हटल्यावर माझेही चार शब्द.

बटणाचा आकार. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमांत (ऑक्टोबर २०२३) एए पातळीला टिचकीची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगितली आहे, एएए पातळीला ४४ बाय ४४. माथ्यावर बारीक अक्षरात नंबर आणि त्याला खेटून ईमेल असेल, तर थरथरत्या बोटाखाली काय दाबलं जाईल सांगता येत नाही. 'काहीच होत नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींचं बोट लिंकवर पडतच नसेल.

पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सलग आकडे कधी कधी एकच अगडबंब संख्या म्हणून वाचतं. अब्जांमध्ये हेल्पलाइन नंबर ऐकून काय उपयोग? दिसणारा मजकूर गटागटाने लिहा आणि सोबत हा नंबर कशाचा ते लिंकमध्येच सांगा: 'हेल्पलाइन, चोवीस तास, +४४ २० ७९४६ ०९५८'. पाच लिंका आणि पाचही 'इथे दाबा', हे तर नकोच.

आणि कृपा करून नंबर चित्रात टाकू नका. अजूनही टाकतात.

निळी_रेघ

उलट बाजूचा त्रास सांगते. आयफोनवरची सफारी पानातला मजकूर वाचून स्वतःच ठरवते की हा फोन नंबर आहे आणि त्याची लिंक करते. आमच्या एका पानावर अर्जांचे क्रमांक होते, सगळे निळे झाले. लोक अर्ज क्रमांकाला फोन लावत होते.

त्यावर उपाय: हेडमध्ये मेटा टॅग, नाव 'फॉरमॅट-डिटेक्शन', मजकूर 'टेलिफोन=नो'. यानं स्वयंचलित ओळख बंद होते, तुम्ही हाताने दिलेल्या टेल: लिंका चालूच राहतात. पण मग पानावर जे नंबर नुसतेच लिहिलेत त्यांच्या लिंका तुम्हालाच कराव्या लागतात, हे विसरू नका. रिअ‍ॅक्टवाल्यांना एक जादा कारण: सर्व्हरवर तयार झालेल्या पानात सफारीनं परस्पर लिंक घुसडली की हायड्रेशनची (सर्व्हरचं पान आणि ब्राउझरमधलं पान जुळत नसल्याची) एरर येते, आणि ती फक्त आयफोनवर दिसते. शोधत बसा.

लॅपटॉपबद्दल: माझं मत, तिथे लिंक काढा. त्या खिडकीनं लोक गोंधळतात.

शंकेखोर

लॅपटॉपवर काढू नका. मॅकवर फेसटाइममधून आयफोनच्या जोरावर कॉल लागतो, विंडोजवर फोन लिंकला जोडलेले लोक आहेत, कचेरीत हेडफोन लावून सॉफ्टफोनवर बसलेले तर कितीतरी आहेत. त्यांचं काय घोडं मारलंय?

निळी_रेघ

ते किती आणि खिडकी बघून दचकणारे किती?

शंकेखोर

पडद्याच्या रुंदीवरून तुम्ही ठरवणार कोण कोणते ते? टॅबलेट आडवा धरला की तो लॅपटॉपएवढा होतो. त्यात सिम आहे की नाही हे ब्राउझर तुम्हाला सांगत नाही.

निळी_रेघ

हा मुद्दा मान्य. रुंदीवरून नाही ठरवता येत. 'पॉइंटर: कोअर्स' (म्हणजे बोटाने चालवायचा पडदा) नसेल तिथे लिंकचा निळा रंग आणि अधोरेखा काढायची, लिंक तशीच ठेवायची, हे मी करू शकते. ज्याला हवी त्याला मिळेल, बाकीच्यांना नंबर नुसता दिसेल.

आज्जीचा_चष्मा

लिंक आहे पण लिंकसारखी दिसत नाही? कळफलकावरून फिरणाऱ्यांसाठी फोकसची चौकट तरी ठेवा.

निळी_रेघ

ठेवते, तै.

उंटावरचा_शहाणा

थोडं अवांतर. टेल: लिंक मवाळ असते, म्हणजे दाबल्यावर थेट फोन न लावता आधी विचारते, ते बरंच आहे. तसं नसलं तर काय होतं ते ऐका. २०१२ मध्ये रवी बोरगावकर या संशोधकांनी ब्युनॉस आयर्सच्या एकोपार्टी परिषदेत दाखवलं होतं की नुसतं पान उघडून काही सॅमसंग फोन पूर्ण कोरे करता येतात. पानात लपवलेल्या फ्रेममध्ये टेल: पत्ता, त्यात * आणि # असलेला कंपनीचा गुप्त कोड. तो डायलर असले कोड हिरवं बटण दाबायची वाट न बघता चालवून टाकायचा. झालं, सगळा फोन साफ.

अ‍ॅपलनं आधीपासूनच आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवलंय की पत्त्यात * किंवा # असेल तर फोन अ‍ॅप तो लावायचा प्रयत्नच करत नाही.

तेव्हा कोणाला शिल्लक बघायच्या कोडची लिंक करायची असेल तर आयफोनवर भरवसा धरू नका. अँड्रॉइडवर करायचीच तर # चं %२३ करा, नाहीतर # पासून पुढचं ब्राउझर पानातला पत्ता समजून तोडून टाकतो.

मी_पयला

वाचला धागा. माझी भर: पेज बिल्डरच्या 'लिंक' खान्यात नंबर टाकला की ते शहाणपणा करून नंबराच्या आधी एचटीटीपीएस:// लावतं. किंवा टेल: लिहायचं राहिलं तर ब्राउझर त्याला साइटचंच एक पान समजतो आणि ४०४ दाखवतो. आधी हे बघा, मग भुतं शोधा.

झोपाळू_बग

आणि मधले शून्य! +४४ (०)२० असं छापलेलं असतं. कंसातलं शून्य देशांतर्गत लावताना लागतं, बाहेरून लावताना गाळायचं असतं. माणसाला ते कळतं. डायलर कंस फेकतो, शून्य ठेवतो आणि चुकीचा नंबर तयार होतो. दिसणाऱ्या मजकुरातही हे कंसातलं शून्य लिहू नका, लोक तसंच कॉपी करतात.

अर्धविराम

पण 'शून्य दिसलं की काढ' असा सरसकट नियम करू नका. इटलीत लँडलाइनचं शून्य आंतरराष्ट्रीय नंबरातही राहतं, रोमचा नंबर +३९ ०६ असाच सुरू होतो. शेकडो नंबर असतील तर गूगलची लिबफोननंबर ही मुक्त लायब्ररी वापरा, तिला देशोदेशीचे नियम पाठ आहेत. एक नंबर असेल तर एकदा डोळ्यांत तेल घालून लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकचा नियम वेगळा आहे बरं का. तिथे देशाचा कोड हवा पण + नको, कंस-डॅश काही नको. एकाच चलातून दोन्ही लिंका छापल्या की एक नक्की बिघडते.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. रात्री बसून तपासलं. नंबर बाहेर पडलेल्या पानात शुद्ध आहे: + आहे, आकडे इंग्रजी आहेत, बाणानेही तपासलं, कोणी लपलेलं नाही. तरी 'काहीच होत नाही' वाले आहेतच. एकीकडून स्क्रीनचं चित्रीकरण मागवलं. टिचकी पडते, लिंकचा रंग क्षणभर बदलतो, पुढे शांतता. तिच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आहे एवढं कळलं.

वाटसरू

रंग बदलतो म्हणजे लिंकवर दुसरं काही पसरलेलं नाही. मी विचारणारच होतो, कारण कुकीची पट्टी किंवा गप्पांचा फुगा कधी कधी पारदर्शक अंगाने नंबरावर पडून असतो.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन म्हणताय तर टिचक्या मोजणारी स्क्रिप्ट बघा. माझी पैज.

झोपाळू_बग

+१. कन्सोलमध्ये त्या लिंकवर कोणकोणते क्लिक हँडलर (टिचकी मारल्यावर चालणारे कोड) लटकलेत ते बघा. 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' (म्हणजे लिंकचं नेहमीचं काम अडव) दिसलं की तोच.

कोरा_कागद

वाटसरू, पैज जिंकलात. साइट माझ्याकडे येण्याआधीची एक स्क्रिप्ट आहे. ती प्रत्येक टेल: लिंकवरची टिचकी अडवते, 'एवढे कॉल आले' असं मोजमाप सर्व्हरला पाठवते, आणि तिकडून उत्तर आलं की मग लोकेशन बदलून डायलर उघडते. एक्स्टेन्शननं मोजमापवाल्या सर्व्हरची वाट बंद केलेली. उत्तर येतच नाही, म्हणून डायलर उघडत नाही. हेल्पलाइनला फोन लागावा की नाही हे मोजणाऱ्या सर्व्हरच्या हातात!

वाटसरू

आणि उत्तर उशिरा आलं तरी पंचाईत. वापरणाऱ्याच्या टिचकीपासून फार वेळानं केलेली उडी ब्राउझर संशयानं बघतो आणि अडवूही शकतो. त्यामुळे संथ नेटवर चालत नाही, झकास नेटवर चालतं, असा भुताटकीचा खेळ होतो.

टिचकी अडवायचीच नाही. मोजायचंच असेल तर 'सेंडबीकन' वापरा: निरोप टाकला आणि मोकळं, उत्तराची वाट नाही. लिंक आपली नेहमीसारखी चालते.

खडूफळा

मोजमापवाल्यांची आणखी एक करामत असते. कोण कुठल्या जाहिरातीतून आलं ते कळावं म्हणून पानावरचा नंबर स्क्रिप्टनं बदलतात. दिसणारा मजकूर बदलतो, एचरेफ जुनाच राहतो. वाचतो एक, लागतो दुसराच. कोका, तुमच्या स्क्रिप्टमध्ये तेही असेल तर बघून घ्या.

कोरा_कागद

ते नाहीये, तपासलं. मोजमाप पूर्णच काढलं. हेल्पलाइनच्या यंत्रणेत आलेल्या कॉलची नोंद तशीही असते. चित्रीकरण पाठवणाऱ्या बाईंकडे डायलर उघडला. नंबर मोठा केला, शेजारी कॉपीचं बटण दिलं, लॅपटॉपवर लिंक ठेवली आणि रंग काढला (फोकसची चौकट आहे, आज्जी).

एक राहिलं. आमच्या एका सहयोगी संस्थेच्या साइटवर आमचं पान आयफ्रेममध्ये (त्यांच्या पानातल्या चौकटीत) दिसतं. तिथे क्रोममध्ये अजूनही टिचकी फुकट जाते.

अर्धविराम

त्या फ्रेमला 'सँडबॉक्स' (आतल्या पानाला काय करू द्यायचं याचं बंधन) लावलाय का? क्रोम सँडबॉक्समधल्या फ्रेममधून बाहेरचं अ‍ॅप उघडू देत नाही, तशी सूट दिली नसेल तर. 'अलाउ-टॉप-नॅव्हिगेशन-टू-कस्टम-प्रोटोकॉल्स' असा लांबलचक शब्द सँडबॉक्सच्या यादीत त्यांनी घालायला हवा. तुमच्या बाजूने होणार नाही.

कोरा_कागद

आहे, सँडबॉक्स आहे. त्यांना कळवतो.

शंकेखोर

एक्स्टेन्शन नंबर असेल तर कसं? फोनचं एक्स्टेन्शन म्हणतोय, ब्राउझरचं नाही.

अर्धविराम

आरएफसीप्रमाणे नंबरानंतर ;ईएक्सटी= आणि एक्स्टेन्शन. प्रत्यक्षात फोन ते पाळतीलच असं धरून चालू नका. स्वल्पविराम दिला तर मोबाइल साधारण दोन सेकंद थांबून पुढचे आकडे दाबतो, पण तो नियमात बसत नाही. आणि पलीकडचं यंत्र 'आपले स्वागत आहे' दोन सेकंदांत आटोपत नसेल तर तेही फुकट. एक्स्टेन्शन दिसणाऱ्या मजकुरात लिहाच.

शंकेखोर

नियमात अर्धविराम, चालतो स्वल्पविराम. आयडी बदला राव.

अर्धविराम

:)